सोमवारी बंद

घरात ती सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. पुढे ती छत्तीस वर्षांची झाली, एका मुलीची आई झाली, तरी धाकटीच राहिली. हॉटेलात नवीन लागलेली माणसंसुद्धा आठ दिवसांत तिला ‘धाकटीताई’ म्हणायला लागत, आणि त्यातली गंमत कुणाच्या लक्षातही येत नसे.

हॉटेल बाबांचं होतं. बसथांब्यासमोर, बावीस टेबलांचं. गल्ल्यावर आई, स्वयंपाकघरावर दादाची देखरेख, आणि बाबा सगळीकडे. “चौतीस वर्षं झाली, एक दिवस शटर खाली आलेलं नाही,” हे बाबांचं ठरलेलं वाक्य. नव्या गिऱ्हाइकाला ते ऐकवत, भाजीच्या टेम्पोवाल्याला ऐकवत, आणि दोघांपैकी कुणी हाताशी नसलं तर दादाला ऐकवत. आजोबा गेले तेव्हा शटर अर्ध्यावर आणलं होतं, पण वाकून आत येणाऱ्याला चहा मिळत होता. धाकटीचं लग्न दुपारी साडेतीनला लागलं, कारण जेवणाची गर्दी तीनला ओसरते आणि संध्याकाळची सहाला सुरू होते. नवरा मोजणी खात्यात, वेळेचा पक्का. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पावणेसहाला सासरे अंगावरच्या नव्या सदऱ्यावरच ॲप्रन बांधताना दिसले, तेव्हा मात्र आपण कुठल्या घरात पडलो आहोत हे त्याला कळलं.

धाकटी वाढली ती त्या टेबलांवर. शाळेतून आली की जे टेबल रिकामं असेल तिथे वह्या पसरायच्या आणि “उठ गं, गिऱ्हाईक आलं” असं कानावर पडलं की वह्या गोळा करून पुढच्या टेबलावर जायचं. भूगोलाचा एक धडा पुरा होईपर्यंत पाच-सहा टेबलं व्हायची. याचं तिला कधी दुःख वाटलं नाही. शेजारणीच्या मुली अंगणात खेळल्या, ती स्वयंपाकघरात. कांदा नेमका कधी गोडाला येतो हे तिला वासावरून कळायचं, आणि भाताच्या पातेल्याखालची आच मोठी झाली तर पाठमोरी असूनही ती ओरडून सांगायची. अठराव्या वर्षापासून ती खिडकीवर उभी राहू लागली. खिडकी म्हणजे स्वयंपाकघर आणि टेबलं यांच्यामधली चौकट. आतून ताटं येतात, बाहेर वाढपी उचलतात, आणि मधे उभं राहणाऱ्याच्या डोक्यात बावीस टेबलं एकाच वेळी असावी लागतात. धाकटीच्या असत. आचारी म्हणायचा, हिचं डोकं नाही, मधमाश्यांचं पोळं आहे.

मग एका दुपारी असं झालं. तिची आठ वर्षांची लेक दाराजवळच्या टेबलावर चित्र रंगवत बसली होती. एक माणूस दार ढकलून आत येत होता. अजून पुरता आलाही नव्हता, त्याचं एक पाऊल बाहेरच होतं. कुणी काही बोललं नाही. मुलीने मान वर करून पाहिलं, रंगीत पेन्सिली डब्यात भरल्या, वही छातीशी धरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

धाकटीच्या हातात तळलेल्या माशाचं ताट होतं. ती ते धरून बघतच राहिली. आचाऱ्याने आतून दोनदा हाक मारली. शेवटी वाढप्याने ताट तिच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि चमत्कारिक नजरेने तिच्याकडे बघत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा मागच्या दाराशी लसूण सोलत बसले होते. त्या कामाला माणूस होता, पण बाबांना रिकाम्या हाताने बसता येत नसे. धाकटी समोर स्टूल ओढून बसली.

“बाबा, मी स्वतःचं हॉटेल काढायचं म्हणतेय.”

“कुठे?”

“शाळेच्या मागच्या रस्त्यावर. शिंप्याचं दुकान रिकामं झालंय.”

“टेबलं किती बसतील?”

“नऊ.”

“दहा बसतील. एक भिंतीला लावून.” बाबांनी पाकळ्या ताटलीत टाकल्या. “दुपारचं जेवण चालेल तिथे. शाळेतले मास्तर आहेत, दवाखाना आहे. संध्याकाळचं मला सांगता येत नाही.”

इतक्या सहज झालं म्हणून धाकटी थोडी गोंधळलीच. रात्रभर तिने मनात वाद घालून ठेवले होते, ते सगळे वाया गेले. मग तिने उरलेलं सांगितलं.

“आणि सोमवारी बंद ठेवणार आहे.”

बाबांचा हात थांबला. “बंद म्हणजे? सकाळचं?”

“दिवसभर.”

“दर सोमवारी?”

“दर सोमवारी.”

बाबांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. “तुला बरंबिरं नाही का गं?”

“मला काही झालेलं नाही, बाबा.”

“मग बंद कशाला? गिऱ्हाईक एकदा बंद दार बघून माघारी गेलं की त्याच्या पायांना दुसरी वाट लागते. नंतर तू जेवण फुकट वाढलंस तरी यायचा नाही.”

खिडकीवर तिच्या जागी कोण उभं राहणार याचा दादाने बराच त्रागा केला, पण वेगळं होण्याबद्दल घरात कुणी तिला बोल लावला नाही. सगळे बोलत राहिले ते सोमवारबद्दल. आत्याने फोन करून विचारलं, “सोमवारी काय आहे म्हणे तुझ्याकडे?” काहीही नाही, हे उत्तर आत्याला पटलं नाही.

शिंप्याचं दुकान लांबट आणि अंधारं होतं. फरशीच्या सांध्यांमधून टाचण्या निघत होत्या. पंधरा दिवस झाडलं तरी निघतच होत्या. नवऱ्याने फीत लावून इंचाइंचाचा नकाशा काढला. टेबल इथे, ओटा इथे, शेगडीवर धुराडं इथे. टेबलं नऊच ठेवायची, असं धाकटीचं म्हणणं. भिंतीला लावलेल्या दहाव्यावर बसणाऱ्याचं तोंड मोरीच्या दाराकडे येत होतं.

फरशी बसवून झाली त्या दिवशी बाबा आले. भिंतींचा रंग, खुर्च्या, पाटी, कशाकडेच त्यांनी पाहिलं नाही. थेट स्वयंपाकघरात गेले, बादलीतून एक मग पाणी घेतलं आणि जमिनीवर ओतलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहिले. पाणी पसरलं, रेंगाळलं, आणि निचऱ्याकडे जायचं सोडून भांडी घासायच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

“सहा महिन्यांनी इथे वास मारेल,” बाबा म्हणाले. “काढून परत बसवायला सांग.”

गवंडी कुरकुरला. पण धाकटीने फरशी उखडायला लावली. पाणी वाहिलं पाहिजे तर वाहिलंच पाहिजे, एवढं तिलाही कळत होतं.

हॉटेल सुरू झालं. एक आचारी, दोन वाढपी, भांड्यांना एक बाई, आणि शेगडीसमोर ती स्वतः. पहिले चार दिवस तिने बावीस टेबलांच्या अंदाजाने रांधलं आणि उरलेला भात बघून तिला घाम फुटला. लहान पातेल्यात मिठाचा हात चुकायचा. मोठ्या पातेल्याला मूठ लागते, इथे चिमटीचं काम. मुठीची सवय असलेली बाई चिमटीला कशी आणणार? पण आठवड्यात हात वळला. शाळेतले मास्तर यायला लागले, दवाखान्यातल्या नर्सा यायला लागल्या. एक म्हातारे घड्याळजी रोज साडेबाराला कोपऱ्यातल्या टेबलावर बसून सूप आणि पाव घेत, आणि उठताना न चुकता म्हणत, “काल जास्त चांगलं झालं होतं.” रोज तेच म्हणत, म्हणजे रोज चांगलंच होत असणार, असा हिशेब धाकटीने मनाशी केला.

मग पहिला सोमवार आला.

ती पाचला उठली. उठायचं काही कारण नव्हतं. मुलीला शाळेत पोचवलं, नवरा कामावर गेला. घर आवरून झालं, कपाट आवरून झालं, न घातलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. साडेअकराला तिचे कान वाजायला लागले. ताटांचा आवाज येत नव्हता, कुणी हाक मारत नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना. तिने चपला घातल्या आणि बाबांच्या हॉटेलात जाऊन खिडकीवर उभी राहिली.

दादाला हायसं वाटलं. बाबांनी खुंटीवरचा ॲप्रन आपणहून काढून तिला दिला.

पुढच्या सोमवारीही ती गेली. त्याच्या पुढच्याही. तीन महिने असेच गेले. नवरा एकदा जेवताना म्हणाला, “मला एक सांग, सोमवारी बंद कोण असतं? तू की पाटी?” ती हसली, आणि विषय तिथेच राहिला.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका सोमवारी ती बाबांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला वळली, तर भिंतीवर कामाचा तक्ता लावलेला दिसला. कुणाची सुट्टी कधी, कुणाची पाळी कुठली. दादाचं अक्षर. सोमवारच्या रकान्यात, खिडकीपुढे, नीट शाईने लिहिलं होतं: धाकटी. आणि खिडकीवरच्या माणसाला सोमवारची सुट्टी लावलेली होती.

ती बाहेर आली. चार वाजून गेले होते. सोमवारी शाळा सुटल्यावर लेक आजीकडे हॉटेलातच यायची. ती मधल्या टेबलावर गणितं सोडवत होती. सहा जणांचं एक कुटुंब दारातून आत शिरलं, आणि लेकीने पट्टी, पेन्सिल, वही उचलली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मग तिथेच, वही भिंतीला टेकवून, उभ्या-उभ्याच पुढचं गणित करायला लागली.

धाकटीने ॲप्रन सोडला. दादा शेगडीजवळ होता.

“दादा, पुढच्या सोमवारपासून मी येणार नाही.”

“आता आयत्या वेळी सांगतेस?”

“आठ दिवस आहेत अजून.”

“कुणी काही बोललं का तुला?”

“नाही रे. सोमवारी बंद आहे ना माझं.”

दादाने झारा आपटला, पण हळूच. बाबा मागून ऐकत होते. ते पुढे आले. चिडल्यासारखे दिसत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“मग सोमवारी करणार काय तू?”

“माहीत नाही, बाबा. शिकावं लागेल.”

पुढच्या सोमवारी ती घरात बसून राहिली. अकरा वाजता कान वाजायला लागले, ते वाजू दिले. बारा वाजता दार वाजलं. बाहेर आई उभी होती, हातात पर्स, केस नीट विंचरलेले.

“तू इथे? गल्ल्यावर कोण?”

“तुझी वहिनी. दात दुखतोय म्हणून सांगून आले.”

“फार दुखतोय का?”

“कुठला दात आणि काय,” आई म्हणाली आणि आत येऊन बसली.

एकसष्ट वर्षांची आई. चौतीस वर्षं एका उंच खुर्चीवर बसून तिने माणसं येता-जाता पाहिली होती. धाकटीच्या घरात बसून तिला काही सुचेना. जिन्यात पावलं वाजली की तिची मान दाराकडे वळायची. दोघींनी चहा घेतला, मग अजून एकदा घेतला. शेवटी आई म्हणाली, “आपण कुठे तरी जेवायला जाऊ या का?”

“हॉटेलात?”

“दुसऱ्यांच्या.”

धाकटीने आठवून पाहिलं. मायलेकी दुसऱ्या कुणाच्या हॉटेलात बसून जेवल्याचं तिला आठवलं नाही. दोघी दोन रस्ते ओलांडून एका नव्या हॉटेलात गेल्या. खुर्च्या गुबगुबीत, भिंतीवर आरसे. आईने हात मांडीवर ठेवले आणि पाहुणीसारखी बसली. तो आव पाचच मिनिटं टिकला.

“आरशाजवळच्यांना अजून पाणी दिलेलं नाही,” आई कुजबुजली.

“बघितलं मी. आणि तो उंच वाढपी रिकाम्या हाताने आत जातोय. जाताना उष्टी ताटं उचलायला काय होतं?”

“आत एकच माणूस असणार शेगडीवर. एकेकच ताट येतंय बघ.”

“आई, जेव तू.”

“जेवतेच आहे. मीठ बरोबर आहे हो.”

जेवण झाल्यावर आईने ताटावर ताट ठेवलं, चमचे एका बाजूला केले, आणि वाढपी आला तसा ढीग त्याच्या हातात दिला. तो बिचारा थँक्यू म्हणून गेला. आईला मग हसू आवरेना. हसता हसता ती पुसटशी गंभीर झाली.

“तुला एक सांगते. तुझ्या बाबांना बोलू नकोस.”

“काय?”

“आपलं हॉटेल एकदा बंद होतं. अख्खा दिवस.”

“शक्य नाही.”

“तू सात वर्षांची होतीस. तुला गोवर निघाला होता. तुझे बाबा दादाला घेऊन परगावी गेले होते, लग्नाला. तू रात्रभर तापाने फणफणलेली. सकाळी मी शटरपाशी गेले, किल्ली हातात, आणि मला वाटलं, नाही उघडत. आचारी आला, त्याला सांगितलं गॅस संपलाय, घरी जा. बाकीच्यांनाही तेच सांगितलं. आणि वर घरी येऊन तुझ्याशेजारी आडवी झाले.”

“मग?”

“मग काही नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं. सगळे आले, रोज यायचे तसेच. एकाने विचारलं, काल काय झालं होतं? मी म्हटलं, गॅस. तो म्हणाला, बरं. आणि चहा मागितला.”

“आणि बाबांना तू कधीच…”

“ते इतक्या हौसेने सांगतात गं लोकांना. कशाला मोडा?”

वाढपी बिल घेऊन आला तर या दोघी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. लोक वळून बघत होते.

परत येताना रस्त्यात पोहण्याचा तलाव लागला. लोखंडी जाळीतून निळं पाणी दिसत होतं, औषधाचा उग्र वास येत होता. बायकांची वेळ साडेदहा ते साडेअकरा, असं फळ्यावर लिहिलं होतं. आई जाळीला धरून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

“शिकवतात का गं मोठ्यांना?” तिने विचारलं.

“विचारू या.”

तर अशा रीतीने दोघी दर सोमवारी तलावावर जायला लागल्या. आईने काळा पोहायचा पोशाख घेतला आणि एक पिवळी टोपी. पहिल्या दिवशी ती कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून उभी राहिली, तासभर. दुसऱ्या सोमवारी तोंड पाण्यात घातलं आणि ठसका लागून बाहेर आली. शिकवणारी बाई शिट्टी गळ्यात अडकवून म्हणायची, “आजी, घाई नाही आपल्याला.” आई म्हणायची, “मला कधी नव्हतीच.” गुडघे गार पडेपर्यंत दोघी पाण्यात राहत, मग बाकावर बसून उकडलेली अंडी खात. आईला भूक अशी लागायची की धाकटीला डबा दुप्पट न्यावा लागे. दुपारी साडेतीनला शाळेच्या फाटकाशी लेकीला आई आणि आजी दोघी दिसत, दोघींचे केस ओले. घरी जाऊन लेक जेवणाच्या टेबलावर वह्या पसरायची. पहिले काही सोमवार दार वाजलं की ती वही गोळा करायची. नंतर नंतर नुसती मान वर करायला लागली.

एका गुरुवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर बाबा धाकटीच्या हॉटेलात आले. कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. तिने सूप दिलं. त्यांनी ते संपवलं, पावाने वाटी पुसून घेतली. चांगलं झालंय असं म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. वाटी कोरडी दिसली की समजायचं.

“सोमवार पाठ झाला का लोकांना?” त्यांनी विचारलं.

“बऱ्याच जणांना झाला. एक नर्स तर विसरून दोनदा येऊन गेली. मंगळवारी येऊन मलाच रागावली.”

“पण आली.”

“आली.”

बाबांनी वाटी थोडी पुढे सरकवली. “तुझ्या आईचा दात,” ते म्हणाले, “सोमवारीच दुखतो.”

धाकटीने वाटी उचलली.

“घरी येते तेव्हा केस ओले असतात. दाताचे डॉक्टर केस धुतात का हल्ली?”

“पोहायला जाते, बाबा. माझ्याबरोबर.”

“खोल असतं का?”

“कमरेइतकं आहे तिथेच असते ती.”

“बरं,” ते म्हणाले आणि उठले.

सोमवारी आई पाण्यावर आडवी व्हायला शिकत होती. शिकवणारी बाई पाठीखाली हात धरून उभी. धाकटी शेजारी हातांनी पाणी ढवळत उभी होती. तिचं सहज जाळीकडे लक्ष गेलं, तर बाहेरच्या बाकाजवळ बाबा उभे. हॉटेलातलाच सदरा, बाह्या दुमडलेल्या, घाईने आल्यासारखे. आईने त्यांना पाहिलं आणि धडपडून उभी राहिली. टोपी एका कानावर आली होती.

“गल्ल्यावर कोण आहे?” तिने पाण्यातूनच विचारलं.

“सूनबाई.”

“आता गर्दी सुरू होईल.”

“वेळ आहे अजून. तू कर तुझं.”

बाबा बाकावर बसले, मग उठून जाळीपाशी आले. त्यांना बसवत नव्हतं. आई पुन्हा आडवी झाली. शिकवणाऱ्या बाईने हात काढून घेतला, चार क्षण आई तरंगली, मग पाय खाली गेले. बाबांनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. त्यांनी धाकटीला खुणेने जवळ बोलावलं. ती पाण्यातून वर येऊन, टॉवेल गुंडाळून जाळीपाशी गेली.

“तिला म्हणावं गुडघे वाकवू नकोस,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “गुडघा वाकला की माणूस बुडायला लागतो. पाय सैल सोडायचे. आणि वर बघायचं, पायांकडे नाही.”

“तुम्हाला पोहता येतं?”

“यायचं.”

“कधी?”

“हॉटेलच्या आधी.” त्यांनी बाह्या उगाचच खाली ओढल्या, मग परत वर दुमडल्या. “नदी होती तिकडे. या काठावरून त्या काठावर जायचो आम्ही.”

तिला पुष्कळ विचारायचं होतं. कुठली नदी, आम्ही म्हणजे कोण. पण बाबा निघाले होते. फाटकापाशी त्यांनी एकदा मागे वळून पाण्याकडे पाहिलं आणि बसथांब्याच्या दिशेने झपाझप चालू लागले. गर्दीच्या आत पोचणार होते ते.

धाकटी पाण्यात उतरली. “बाबा म्हणतात गुडघे वाकवू नकोस.”

“त्यांना काय कळतंय यातलं,” आई म्हणाली.

“त्यांना येतं पोहता. नदी पोहायचे म्हणे.”

आई क्षणभर थांबली. तिचा चेहरा पाहून धाकटीला कळलं, की हे आईलाही माहीत नव्हतं.

“असं?” आई म्हणाली. टोपी नीट केली, श्वास घेतला आणि आडवी झाली. या वेळी ती वर बघत होती. दहापर्यंत मोजून झालं तरी तरंगत होती. शिकवणारी बाई हात मागे घेऊन उभी राहिली होती.

साडेअकराला शिट्टी वाजली. दोघी बाकावर बसून अंडी खात राहिल्या. शाळा साडेतीनला सुटायची होती. तोवर दोघींना काहीच काम नव्हतं.